बर्फावरची कमान

१० डिसेंबर

दादा,

फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं आणि तेवढ्यात चार ओळी वाचून होतात. म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. बाबा कमान पुन्हा उभी करायचं म्हणताहेत आणि तिच्या माथ्यावरचा चावीचा दगड तुझ्याकडे आहे.

माझ्याकडे नाही असं म्हणू नकोस. वहिनीनं मला केव्हाच सांगितलंय. खिडकीखाली जमिनीवर असतो, त्यावर कुंडी ठेवलेली तुला खपत नाही आणि पाहुण्यांनी विचारलं तर "दगड आहे" एवढंच उत्तर देतोस. वहिनीवर चिडू नकोस. इतकी वर्षं ती बाई एका दगडाला वळसा घालून झाडू मारतेय, तिला एवढं बोलायचा हक्क आहे.

इथलं सांगते. कमान कोसळली तेव्हा दगड मागच्या अंगणात जसे पडले तसेच आहेत. मध्ये गवत वाढलं, दोन-तीन दगडांवर शेवाळ आलं. वाटेच्या दोन्ही बाजूंचे पाये मात्र अजून ताठ उभे आहेत. बाबांनी त्या बाजूची खिडकीच बंद करून टाकली होती. दगडांखाली सापडलेला पाय जरा बरा झाल्यावर ते काठी घेऊन सगळीकडे फिरायचे, अंगणात सोडून. तुझं नाव घेत नाहीत, आणि डावऱ्या ही हाक तर त्या दिवसानंतर या घरात कुणी मारलीच नाही.

तू सगळ्यांना सांगितलंस, माझा हात चुकला, दगडांना खालून पेलणाऱ्या लाकडी सेंटरिंगची पाचर मी भलतीकडची मारली. बाबा त्यावर हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं तू बरोबर घेऊन गेलास आणि जाताना पिशवीत तळाशी चावीचा दगडही घातलास. एक गप्प इथे, एक गप्प तिथे. दोघंही एकाच खाणीतले, मी मधल्यामध्ये बडबडून मरते.

आता हे अचानक कुठून निघालं ते ऐक. हॉटेलवाल्यांनी मी कोरलेला एक बर्फाचा हंस परत पाठवला. (हॉटेलच्या मॅनेजरला दर समारंभाला हंसच लागतो. मी एकदा सुतारपक्षी सुचवला तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची बदली सुचवली.) तो हंस मी मागे टाकला. थंडी कडक होती, दिवसेंदिवस तो नुसता झिजत राहिला आणि शेवटी त्याची एक गोलसर पाठ उरली. बाबांनी कधी खिडकी उघडली देवाला माहीत. मी भांडी घासत होते आणि मागून आवाज आला, "तुझा बर्फ किती वजन पेलतो?"

दादा, माझ्या कामाला ते पाणी विकणं म्हणतात, तुला ठाऊक आहे. आजवर बर्फाबद्दल एक प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. मी सांगितलं, वरून दाबला तर पुष्कळ पेलतो, वाकवायला गेलं की मोडतो. ते म्हणाले, "म्हणजे दगडासारखाच की." मग बराच वेळ त्या हंसाकडे बघत बसले. म्हणाले, "लाकडाच्या सेंटरिंगला पाचरी असतात. पाचर कुणाला तरी मारावी लागते. हा कुणाच्या हाताशिवाय खाली उतरतो."

मी ओले हात पुसायचेसुद्धा विसरले.

तर दगड पाठव. किंवा घेऊन ये. दुसरं केलंस तर मी महिनाभर बडबडणार नाही.

तुझी बहीण


२ जानेवारी

दादा,

उत्तर नाही आलं. येणार नाही असं धरूनच लिहिते, म्हणजे मला राग येणार नाही.

मी टाक्या भरल्या. आपण बर्फ कसा करतो ते तुला कधी बघावंसं वाटलं नाही, म्हणून सांगते. थंडी टाकीच्या तळातून द्यायची आणि वरचं पाणी पंपानं सतत हलतं ठेवायचं. मग पाणी खालून वर गोठत येतं आणि आपल्यातला मळ, हवा, बुडबुडे सगळं वर ढकलत नेतं. शेवटी वरची पांढरट साय कापून टाकली की खाली राहतो तो काचेसारखा स्वच्छ बर्फ. तो बाहेर काढून लगेच छिन्नी लावायची नाही. थोडा वेळ नुसता ठेवायचा, हवेची सवय होऊ द्यायची, नाहीतर पहिल्या घावाला आरपार तडकतो. बाबा हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "खाणीतून काढलेला दगडही आम्ही असाच ठेवायचो." त्यांना वाटलं आपण सहज बोललो. मी मात्र दिवसभर हवेत होते.

कमानीच्या दोन पायांच्या मधली जागा आम्ही बर्फाच्या लाद्या रचून भरली. लादीवर लादी, मध्ये पाणी शिंपडलं की त्या एकमेकींना घट्ट धरतात. मग फळीच्या साच्यानं वरची गोलाई कापली. बाबा खुर्चीवर बसून काठीनं दाखवत होते, इथे उंच, तिथे एक बोट कमी. मी हंसाच्या मानेवर जितकी मेहनत घेते त्याच्या दुप्पट त्या गोलाईवर घेतली. शेजारच्या वेल्डरकाकांनी चेनकप्पी आणली आणि दगड चढवायला सुरुवात झाली. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही बाजू बरोबरीनं. काकांना वाटलं होतं पहिल्याच दगडाला माझं बर्फाचं गाठोडं फुटणार. ते लांब उभं राहून, मान वळवून साखळी ओढत होते. काही फुटलं नाही. बर्फानं एकदा खोल हुंकार दिल्यासारखा आवाज केला आणि तो गप्प बसला.

आता जे लिहिते ते नीट वाच, त्यासाठीच हे पत्र आहे.

सगळे दगड चढले, फक्त माथ्यावर तुझ्या दगडाएवढी फट राहिली. काका गेले. मी अवजारं उचलताना सहज खाली वाकून बर्फाच्या आत पाहिलं. ऊन पलीकडून येत होतं. दादा, बर्फ दिसतच नव्हता. नुसते दगड दिसत होते, वर, अर्धगोलात, कशाच्याही आधाराशिवाय थांबलेले. त्यांचे खालचे चेहरे, जे कमान झाल्यावर सावलीत जातात आणि मग कुणी बघत नाही, ते सगळे उजेडात होते. प्रत्येकावर छिन्नीच्या रेघा. बाबांच्या रेघा सरळ असतात. बाकीच्या डावीकडे कललेल्या होत्या. कुणी बघणार नाही अशा बाजूवर तू इतक्या बारीक, एकसारख्या रेघा मारल्या होत्यास की मी तिथेच ओल्या जमिनीवर बसून राहिले. आपला भाऊ काय कामाचा माणूस होता हे मला त्या दिवशी कळलं. तू फरशांच्या दुकानात नमुने दाखवत बसतोस हे आठवून मला इतकं वाईट वाटलं की लिहिता येत नाही.

मी बाबांना हाक मारली. ते अंगणात आले, खाली वाकता येत नाही म्हणून मी खुर्ची आडवी घातली आणि त्यावर ते हळूच टेकले. खूप वेळ बघत राहिले. उठताना बर्फावर हात ठेवून उठले आणि तो हात त्यांनी बराच वेळ पुसला नाही.

फटीत दुसरा दगड बसवू म्हटलं तर ऐकेनात. "त्या जागेचा दगड आहे" एवढंच. तेव्हा मी माझ्या डोक्यानं एक गोष्ट केली. सगळ्यात स्वच्छ लादीतून मी बर्फाची चावी कापली. फटीचं माप घेऊन, चारही बाजू घासून, अगदी तुझ्या दगडाच्या आकाराची. ती बसवायला चढले तेव्हा बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. आपल्या कामाचा नियम तुला मी काय सांगणार. चावी बसवताना कुणी बोलायचं नाही, आणि बसवल्यावर कमान बोलेपर्यंत, म्हणजे वजन घेऊन दगड एकमेकांत बसल्याचा आवाज येईपर्यंत, तर नाहीच. इतक्या वर्षांनी तो नियम या अंगणात पुन्हा पाळला गेला. काका आले होते, ते खोकला दाबता दाबता लाल झाले.

कमान अर्थातच बोलली नाही. सगळं वजन खालच्या बर्फावर आहे, दगडांवर अजून आलंच नाही. पण आता कडेनं माथ्यावर बघितलं तर मधोमध एक चौकोनी उजेड दिसतो. संध्याकाळी तो जरा तांबडा होतो. बाबांची खिडकी उघडी असते.

थंडी आहे तोवर हे उभं राहील. तुझ्याकडे तेवढाच वेळ आहे.

तुझी बहीण


२३ जानेवारी

दादा,

वारा बदलला.

बर्फाला ऊन खातं असं लोकांना वाटतं. ऊन थोडंच खातं, वारा जास्त खातो. मी उन्हाच्या बाजूला वाळलेल्या गवताचे भारे लावलेत, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या उतरतील. एक बाजू आधी गेली तर कमान तिकडे कलंडेल, हे मला बाबांनी नव्हे, बर्फानं शिकवलंय. खालचा ढीग जाडजूड आहे, तो तग धरेल. पण चावी उघड्यावर आहे. काल तिच्या कडेनं नख जाईल एवढी फट होती, आज तिथून काडी जाते. आणि ती झिजलेली असताना खालचा ढीग गेला, तर दगड माथ्याकडे एकमेकांवर येतील आणि सगळं पुन्हा अंगणात. त्यानंतर बाबा ते तिसऱ्यांदा उभं करायला सांगणार नाहीत. त्यांचं वयही नाही आणि माझ्यात धीरही नाही.

मी त्यांना म्हटलं, नवा दगड घडवू, काकांच्या ओळखीनं एखादा कारागीर बघू. त्यांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली. त्या माणसाशी भांडायचं म्हणजे खांबाला गुदगुल्या करायच्या. शेवटी मीच ठरवलंय. बुधवारी हॉटेलात हंस पोचवायचा आहे. येताना दगडवाल्याकडून मापाचा एक दगड आणते आणि बसवते. बाबांना काय रागवायचं ते रागवू देत. तुझ्या दगडाची वाट बघता बघता मी हे सगळं पडू देणार नाही. मला ते तसं उभं असलेलं बघितल्यावर पडलेलं बघवणार नाही, एवढं सरळ आहे.

हे तुला धमकी म्हणून लिहिलेलं नाही. असलं तरी चालेल.

तुझी बहीण


२ फेब्रुवारी

दादा,

तू आला होतास.

मी हंस पोचवून, काखेत नवा दगड घेऊन, हाशहुश करत फाटकातून आत आले. कमानीकडे बघितलं आणि माझ्या हातातून दगड सुटला. (पायावर नाही पडला. घरात एक लंगडा पुरे.) माथ्यावर तुझा दगड होता. असा बसलेला की आधी तिथे फट होती हे सांगून कुणाला पटणार नाही.

आणि माझी बर्फाची चावी तू फेकून दिली नव्हतीस. भिंतीच्या सावलीत, गोणपाटाची चौपदरी घडी करून त्यावर ठेवली होतीस, वरून दुसरं गोणपाट पांघरून. बर्फाला असं ठेवायचं असतं हे तुला कुणी शिकवलं? मी त्या घडीकडे बघून रडले, हे मी एरवी कबूल केलं नसतं.

मग मी घरात शिरले आणि बाबांवर तुटून पडले. ते खिडकीशी बसले होते. सगळं बघितलं होतं त्यांनी. तू शिडी लावलीस, चढलास, चावी काढलीस, दगड खांद्यावरून वर नेलास, लाकडी हातोड्यानं ठोकलास, खाली उतरून लांबून बघितलंस. मग एकदा खिडकीकडे पाहिलंस. तिथपर्यंत सगळं सांगितलं त्यांनी. आणि तुम्ही काय केलंत, मी विचारलं. इतक्या वर्षांनी पोरगा दारात आला, त्याला आत ये, चहा घे, एवढंही म्हणवलं नाही तुमच्यानं?

ते म्हणाले, "चावी बसवताना बोलायचं नसतं."

माझा पारा चढला. नियम गेला खड्ड्यात, असं काहीतरी मी बोलले. त्याहून वाईटही बोलले. ते थांबले, माझं संपू दिलं, आणि मग जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते. "त्या दिवशी मी बोललो होतो."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. तू दोन्हीकडच्या पाचरी आलटून पालटून, थोड्या थोड्या सैल करत होतास. बरोबर करत होतास. त्यांना वाटलं चुकतोयस. त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी हाक मारली. त्या हाकेला तू वळलास आणि वळता वळता हातोडा भलत्या पाचरीवर पडला.

तेव्हा मी थंड खोलीत होते, दार बंद करून. मला फक्त कोसळल्याचा आवाज आला होता. आणि बाहेर आले तेव्हा तू सगळ्यांना सांगत होतास, माझा हात चुकला, माझा हात चुकला. हाकेबद्दल तू तेव्हाही बोलला नाहीस आणि नंतरही नाही. वहिनीलासुद्धा ठाऊक नाही, मी काल विचारलं.

मी बाबांना विचारलं, इतकी वर्षं का गप्प बसलात. ते म्हणाले, "त्यानं माझ्यासाठी घेतलं अंगावर. मी पाय धरून पडलो होतो. मग तो सांगून मोकळा झाला आणि मला ते खोडायचं कसं ते कळेना. जितके दिवस गेले तितकं अवघड झालं." मग म्हणाले, "आज हाक अगदी इथे आली होती," आणि त्यांनी गळ्याला हात लावला. "तो शिडीवर होता. मी खिडकीची चौकट धरून ठेवली."

दादा, चौकटीवरचा रंग त्यांच्या नखांनी उडालाय. मी बघून आले.

तू निघून गेलास कारण कमान बोलली नव्हती. मला आता कळतंय. तुम्ही दोघं वेडे आहात, पण वेड एकच आहे.

ढीग अजून आहे. लिहीन.

तुझी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

हे मी तुला सांगितलं नाही तर तू आयुष्यभर विचारत राहशील, म्हणून काही न गाळता लिहिते.

गेल्या आठवड्यापासून बर्फ आणि दगड यांच्यात उजेडाची एक बारीक रेघ दिसायला लागली. आधी माथ्यापाशी, केसाएवढी. मग ती दोन्हीकडे खाली खाली सरकत गेली. मी कागदाचा कपटा आत घातला, तो पलीकडून निघाला. म्हणजे माथ्याखाली काही नव्हतं. तुझा दगड आणि त्याच्या शेजारचे चार-सहा दगड हवेवर होते आणि पडत नव्हते. मी बर्फात इतकी वर्षं काढली, वितळणं म्हणजे काम संपणं एवढंच मला ठाऊक होतं. इथे माझा बर्फ वितळत होता आणि त्याच्यावर काहीतरी उभं राहत होतं. मला त्या कपट्याला हात लावायचीसुद्धा भीती वाटली.

काल काका आले होते, ते वाटेवरच थांबले आणि त्यांनी पायातले बूट काढले. का काढले, त्यांनाही सांगता आलं नाही.

आज सकाळी ढीग अर्ध्यावर आला. उरलेला बर्फ मध्ये एखाद्या झोपलेल्या जनावरासारखा पडून होता आणि त्याच्यावर, चांगली माणूसभर मोकळी जागा सोडून, कमान. बाबांना मी खुर्ची अंगणात दिली. आम्ही दोघं बसलो. ते काही बोलेनात, म्हणून मीही गप्प. माझं गप्प बसणं तुला खोटं वाटेल, पण बसले.

ऊन पायांपर्यंत आलं. थेंब पडत होते, तेवढाच आवाज. आणि मग दादा, कमान बोलली.

मोठा आवाज नव्हता. कुणी मोठ्या माणसानं बोट मोडावं, तसा एकच. कट्. तो माथ्यातून आला आणि दोन्ही बाजूंनी दगडादगडांतून खाली जमिनीत गेला, माझ्या पायांना कळला. बारीक धूळ उडाली, थोडी तुझ्या दगडाच्या कडेनंही. मग काही नाही. सगळे दगड होते तिथेच, पण आता ते एकमेकांना धरून होते, हे नुसतं बघून कळत होतं. कसं ते मला लिहिता येणार नाही. तुला माहीत असेल.

बाबा उठले. काठी खुर्चीला टेकलेली राहिली आणि ते माझा दंड धरून चालत गेले, उरल्यासुरल्या बर्फाच्या कडेकडेनं, कमानीखाली. तिथे उभे राहून त्यांनी मान वर केली. तुझ्या कललेल्या रेघा आता सावलीत गेल्यात. त्यांनी हात उंच करून एका दगडावर बोटं फिरवली, रेघांच्या उलट, मग सुलट. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. मुद्दामच बघितला नाही.

घरात येऊन त्यांनी हे पत्र मागितलं. मी म्हटलं, अजून संपलं नाही. म्हणाले, तुझं कधी संपतं? मला दे.

त्यांनी चष्मा लावला, पेन दोनदा झटकलं, आणि बराच वेळ कागदावर हात ठेवून बसले. खाली आहे ते त्यांच्या हातचं. मी एक अक्षरही सांगितलेलं नाही.

डावऱ्या,

बोलली. आता हाक मारतो. ये.